पुण्यातील स्पा थेरपी अभ्यासक्रम : फी, शिकवणी आणि पुढची नोकरी

तीन वर्षांपूर्वी पुण्यातील एका खासगी स्पा अकादमीत मी स्पा थेरपिस्टचा चार महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. फी ६५ हजार रुपये होती आणि त्यांतले ४० हजार आईने बचत गटातून कर्ज काढून दिले होते, त्यामुळे या पैशांचे चीज झाले की नाही, हा प्रश्न आमच्या घरात आजही निघतो. अभ्यासक्रमानंतर मी आधी पुण्यातल्याच एका डे स्पामध्ये, म्हणजे मुक्कामाशिवाय नुसत्या मसाजसाठी येण्याच्या स्पामध्ये, आणि नंतर गोव्यातील एका रिसॉर्टमध्ये नोकरी केली. गेल्या वर्षापासून पुण्यातील एका हॉटेलच्या स्पामध्ये काम करते आहे. गावाकडच्या आणि नात्यातल्या मुली मला वरचेवर विचारतात की हा कोर्स करावा का, आणि केला तर नोकरी लागते का. प्रत्येकीला फोनवर तुटक तुटक सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहावे, म्हणून हे परीक्षण. अकादमीचे नाव मी देत नाही, कारण तिथे मला आलेल्या अडचणी एका संस्थेपुरत्या नाहीत. माझ्याबरोबर काम करणाऱ्या, वेगवेगळ्या शहरांत शिकलेल्या मुलींच्या तोंडून मी त्याच अडचणी ऐकल्या आहेत.

आधी उत्तर सांगते. नोकरी लागते. मात्र ती अकादम्या देतात त्या 'शंभर टक्के प्लेसमेंट'च्या, म्हणजे नोकरी लावून देण्याच्या, हमीने लागत नाही, ती ट्रेड टेस्टमध्ये लागते. चांगल्या हॉटेलात मुलाखतीच्या दिवशी स्पा मॅनेजर किंवा ट्रेनर स्वतः मसाजच्या बेडवर झोपते आणि उमेदवाराने तिला पाऊण ते एक तास मसाज द्यायचा असतो. त्या तासाभरात तुमची फाइल कुणी उघडून पाहत नाही. म्हणूनच या अभ्यासक्रमाची किंमत ठरवायची असेल, तर शिक्षिकेच्या नजरेखाली आपले हात किती तास माणसाच्या अंगावर चालले, हे मोजावे, असे माझे ठाम मत झाले आहे. बाकीच्या गोष्टी या एका गोष्टीच्या मागून येतात.

आमच्या घराला हे काम नवीन नव्हते. माझी आजी वाईजवळच्या आमच्या गावात बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला जायची. जमिनीवर पाय लांब करून बसायची, बाळाला पायांवर पालथे घ्यायची आणि कोमट तेलाने पाठ, मांड्या, तळवे असे क्रमाने चोळत न्यायची. बाळंतिणीचे अंग रगडून झाले की कढत पाणी, मग शेकशेगडी, मग ओवा आणि बाळंतशोपांची धुरी. सव्वा महिना हे चालायचे आणि बारशाला साडी-चोळी व थोडेफार पैसे मिळायचे. गावात तिला मान होता आणि पोटूशी लेक माहेरी आली की सर्वांत आधी तिला निरोप यायचा. तरीही मी स्पाचा कोर्स करते म्हटल्यावर सर्वांत मोठा विरोध तिच्याच मुलाचा, म्हणजे माझ्या वडिलांचा झाला, कारण 'स्पा' हा शब्द त्यांनी वर्तमानपत्रात पोलिसांच्या छाप्याच्या बातमीतच वाचलेला होता. त्याबद्दल पुढे लिहिणारच आहे. कारण या क्षेत्रातल्या नोकरीचा विचार करताना तो विषय टाळून चालत नाही.

अकादमीतील शिकवण्याबद्दल मला मनापासून चांगले लिहायचे आहे. शरीररचना शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट बाई येत. स्नायू कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो, हे त्या फळ्यावर काढून थांबत नसत. आम्हांला एकमेकींच्या पाठीवर बोटाने तो माग काढायला लावत. स्वीडिश मसाजचे पाच मूळ हात, म्हणजे लांब सरकता हात, मळणे, घर्षण, थापटणे आणि कंप देणे, हे त्यांनी इतके घोटून घेतले की आजही झोपेतून उठवले तर मी ते क्रमाने करून दाखवीन. त्यांनी दिलेली सर्वांत मोठी शिदोरी आमच्या स्वतःच्या शरीरासाठी होती. गुडघे किंचित वाकवायचे, एक पाय पुढे टाकायचा, जोर खांद्यातून न लावता अंगाचे वजन पुढे झुकवून लावायचा आणि खोल दाब द्यायचा असेल तेव्हा अंगठा वाचवून कोपराखालचा हात वापरायचा. पहिल्या महिन्यात मला याचे महत्त्व कळले नव्हते. दिवसाला पाच पाच मसाज करू लागल्यावर कळले, कारण माझ्याबरोबर डे स्पामध्ये लागलेल्या एका मुलीचा अंगठ्याच्या मुळाशी सांधा सहा महिन्यांत इतका दुखू लागला की तिला पाण्याचा तांब्याही उचलता येईना. ती कुठल्याशा दुकानात आठ दिवस पाहून शिकली होती. उभे कसे राहायचे, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. या कामात हात हेच भांडवल असते आणि ते दहा-बारा वर्षे टिकवायचे असेल तर पहिल्याच महिन्यात सवय लावून घ्यावी लागते.

मसाज केव्हा करायचा नाही, हेही तिथे चांगले शिकवले. ताप, अंगावरचे पुरळ, नुकतेच झालेले ऑपरेशन, ताब्यात नसलेला रक्तदाब, गरोदरपणाचे पहिले तीन महिने, या गोष्टी गेस्टकडून आधी भरून घ्यायच्या फॉर्मवर असतात. पण फॉर्मवर गेस्ट सगळे लिहितातच असे नाही, म्हणून तेल लावण्याआधी नजर फिरवायची, अशी बाईंची शिकवण होती. गोव्यात एकदा लांबच्या विमानप्रवासानंतर थेट स्पामध्ये आलेल्या एका पाहुणीची डावी पोटरी उजवीपेक्षा सुजलेली आणि हाताला गरम लागली. ती म्हणत होती की प्रवासात पाय अवघडला आहे, तोच जरा जोरात रगडून द्या. मी हात थांबवला, तिच्यावर चादर नीट ओढली आणि सुपरवायझरला बोलावून आणले. डॉक्टरांनी शिरेत रक्ताची गुठळी असल्याचे सांगितले आणि तिला दवाखान्यात दाखल केले. अशी गुठळी चोळल्याने सुटून फुप्फुसात जाऊ शकते, हे मी वर्गात शिकले नसते तर तिचे म्हणणे मी खुशाल मान्य केले असते. फीपैकी निम्मे पैसे त्या एका तासात वसूल झाले, असे मी आईला सांगितले होते आणि ते मनापासून सांगितले होते.

तेलांचा भागही बरा होता. बदामाच्या किंवा द्राक्षाच्या बियांच्या मूळ तेलात सुगंधी अर्क दोन ते तीन टक्क्यांपर्यंतच मिसळायचा, म्हणजे ३० मिलिलिटर तेलाला साधारण १५ थेंब, आणि नाजूक त्वचेच्या व्यक्तीला आधी मनगटावर लावून पाहायचे, इतके मोजमाप हाताला बसले. टॉवेलला तेलाचा खवट वास का राहतो आणि तो कसा काढायचा, हे मात्र कुणी शिकवले नाही, आणि नोकरीच्या पहिल्या आठवड्यात माझ्या वाट्याला सर्वांत जास्त तेच काम आले.

आता त्रुटीकडे येते. आमच्या तुकडीत १६ मुली होत्या आणि मसाजचे बेड चार होते. माहितीपत्रकात प्रात्यक्षिकाचे तास भरपूर लिहिलेले होते आणि वेळापत्रकातही रोज दोन तास प्रात्यक्षिक असे. परंतु एका बेडपाशी चौघी उभ्या असल्या की एक झोपणार, एक हात चालवणार आणि दोघी पाहणार. त्यामुळे प्रत्यक्षात प्रत्येकीच्या वाट्याला रोज जेमतेम अर्धा तास येई. मी वहीत नोंद ठेवत होते. चार महिन्यांत डोक्यापासून पायापर्यंतचे पूर्ण मसाज मी ३८ केले, आणि त्यांतल्या मोजक्याच वेळी शिक्षिका शेवटपर्यंत शेजारी उभ्या होत्या. शिवाय ज्यांच्यावर शिकलो त्या सगळ्या आमच्याच वयाच्या, सडपातळ, धडधाकट मुली. साठीची बाई, अंगाने जाड माणूस, पाठीचे दुखणे घेऊन आलेला ड्रायव्हर, असे एकही शरीर आमच्या हाताखाली आले नाही. ६५ हजार रुपये घेणाऱ्या संस्थेने आठवड्यातून दोन दिवस सवलतीच्या दरात बाहेरच्या लोकांसाठी प्रशिक्षण केंद्र उघडे ठेवायला काहीच हरकत नव्हती. इतर ठिकाणी शिकलेल्या काही सहकारी मुलींकडे अशी सोय होती आणि त्यांचा हात पहिल्या दिवसापासून बसलेला होता.

याचे फळ मला पहिल्याच ट्रेड टेस्टमध्ये मिळाले. पुण्यातील एका मोठ्या हॉटेलात मुलाखत होती. मॅनेजर बाई पालथ्या झोपल्या आणि मी शिकवल्याप्रमाणे डाव्या पायापासून सुरुवात केली. पन्नास मिनिटे त्या एक शब्द बोलल्या नाहीत. उठून बसल्यावर त्यांनी शांतपणे सांगितले, "दाब चांगला आहे. पण बेडच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाताना तुझा हात माझ्या अंगावरून उचलला गेला. डोळे मिटून पडलेल्या माणसाला तेवढ्यात एकटे पडल्यासारखे वाटते. सहा महिने कुठेतरी हात चालव आणि परत ये." नोकरी मिळाली नाही, पण चार महिन्यांत मला कुणी न सांगितलेली गोष्ट त्यांनी दोन मिनिटांत सांगितली. बाजू बदलताना एक तळवा गेस्टच्या पाठीवर किंवा घोट्यावर ठेवूनच सरकायचे असते, आणि ते कळायला शेजारी उभी राहून पाहणारी जाणती व्यक्तीच लागते.

प्लेसमेंटबद्दलचा माझा अनुभव वाईट होता. हमी म्हणजे तीन मुलाखतींचे फोन, असा अर्थ करारात बारीक अक्षरांत लिहिलेला निघाला. पहिला फोन आला तो एका गल्लीतल्या स्पाचा. त्यांना प्रमाणपत्रात काडीचाही रस नव्हता, फोटो मात्र आधी हवा होता. मी नकार दिला, तर अकादमीने ती एक संधी वापरली अशी नोंद केली. दुसरा फोन डे स्पाचा होता आणि तिथे मी लागले. तिसरा आलाच नाही. प्रमाणपत्रावर 'आंतरराष्ट्रीय' असा शब्द होता, पण ते छापले होते अकादमीनेच. या क्षेत्रात खरोखर ओळखली जाणारी परदेशी प्रमाणपत्रे वेगळी असतात. १९४६ साली सुरू झालेली आणि झुरिकमध्ये मुख्यालय असलेली सिडेस्को, तसेच ब्रिटनमधील आयटेक आणि सिबटॅक या संस्थांची परीक्षा स्वतंत्र असते, तिची फीही वेगळी असते आणि ती फी माहितीपत्रकातल्या आकड्यात धरलेली आहे की नाही, हे प्रवेशाआधी लेखी विचारावे. आपल्याकडे सौंदर्य व निरामयता क्षेत्रासाठीची कौशल्य परिषद असिस्टंट स्पा थेरपिस्ट आणि स्पा थेरपिस्ट अशा दोन टप्प्यांची पात्रता ठरवते. देशातल्या नोकरीसाठी मला तेवढे पुरेसे वाटते.

पगाराचे चित्र कुणी स्पष्ट सांगत नाही, म्हणून माझे आकडे देते. डे स्पामध्ये सुरुवातीला हातात १३ हजार रुपये येत आणि प्रत्येक मसाजमागे थोडा इन्सेन्टिव्ह मिळे. गोव्यात मूळ पगार १७ हजार होता, पण राहणे-जेवण रिसॉर्टचे असल्याने त्यांतले बरेचसे घरी पाठवता येत असे, आणि मोसमात टिप व सर्व्हिस चार्ज धरून काही महिने पगाराच्या जवळपास वरकमाई झाली. आता सीनियर थेरपिस्ट म्हणून २६ हजार मिळतात. यापुढची पायरी सुपरवायझर किंवा ट्रेनरची आणि त्यापुढे मॅनेजरची. मात्र तिथे इंग्रजीत ईमेल लिहिता येणे, साठ्याचा हिशोब ठेवणे आणि पाळ्या लावणे ही कामे येतात. हात थकण्याआधी त्या पायरीवर जायचे असेल तर ही तयारी पहिल्या दोन-तीन वर्षांतच सुरू करावी लागते. माझ्या अभ्यासक्रमात बोलक्या इंग्रजीचा एक तास होता, पण त्यात फक्त गेस्टला नमस्कार कसा करायचा आणि पाणी कसे विचारायचे एवढेच होते. लिहायला मी गोव्यातल्या सहकारी मुलींकडून शिकले.

गोव्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण मराठी मुलींना घराजवळचे म्हणून तेच आधी सुचते. तिथला मोसम ऑक्टोबर ते मार्च. त्या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते आणि रिसॉर्ट तात्पुरती माणसेही घेतात. पाऊस लागला की परदेशी पाहुणे आटतात आणि कंत्राटावरच्या मुलींना घरी जावे लागते. आमच्या चमूत मणिपूर, मिझोराम आणि नागालँडच्या मुली होत्या, केरळची दोन माणसे होती आणि मराठी बोलणारी मी एकटी. मिझोरामची माझी रूममेट पावसाळ्यात निर्धास्त असे, कारण तिने केरळच्या सहकाऱ्यांकडून अभ्यंग आणि शिरोधारा शिकून घेतली होती. केरळात पावसाळ्यातला कर्किटकम महिना, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमाराचे दिवस, आयुर्वेदिक उपचारांसाठी उत्तम मानतात. त्यामुळे गोव्याचे समुद्रकिनारे ओस पडतात नेमक्या त्याच वेळी तिकडची केंद्रे भरलेली असतात. दोन्ही पद्धती येणारी थेरपिस्ट वर्षभर कामाला लागू शकते, ही गोष्ट मला कुठल्याही माहितीपत्रकात दिसली नव्हती. शिरोधारेत तेलाची धार कपाळावर एका उंचीवरून, एका गतीने, खंड न पडू देता सोडावी लागते. तिने मला ती रिकाम्या वेळी उशीवर टॉवेल पसरून आणि कोमट पाणी घेऊन शिकवली. तिचे उपकार मी विसरणार नाही. म्हणूनच ईशान्येकडील मुलींच्या चेहऱ्याचा जाहिरातीसाठी वापर करणारे आणि त्यांना आदराने न वागवणारे मालक पाहिले की मला मनस्वी चीड येते.

आता वडिलांच्या काळजीबद्दल. ती खोटी नव्हती. स्पाच्या नावाखाली गैरधंदे चालतात, पिटा कायद्याखाली, म्हणजे १९५६ च्या अनैतिक व्यापाराविरुद्धच्या कायद्याखाली, छापे पडतात आणि त्या बातमीची झळ प्रामाणिक काम करणाऱ्या हजारो मुलींना बसते. नियम काय असावेत, यावरही एकवाक्यता नाही. दिल्लीत २०२१ मध्ये आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत स्त्रीने पुरुषाला आणि पुरुषाने स्त्रीला मसाज देण्यावर बंदी होती, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या बंदीला स्थगिती दिली. नोकरी शोधणाऱ्या मुलीने मात्र न्यायालयाची वाट न पाहता स्वतः जागा पारखावी. मी आता पाहते त्या गोष्टी साध्या आहेत: दर्शनी भागात परवाना आणि दरपत्रक लावलेले आहे का, खोलीच्या दाराला आतून कडी नाही ना, गेस्टची नोंद होते का, पगार बँकेत जमा होतो का, आणि गेस्टने मर्यादा सोडली तर थेरपिस्टला मसाज मध्येच थांबवून बाहेर पडायची लेखी मुभा आहे का. माझ्या आताच्या हॉटेलात ही मुभा आहे. एकदा मी ती वापरली. सुपरवायझरने मला एकही प्रश्न न विचारता गेस्टला कपडे करून बाहेर यायला सांगितले, आणि नंतर मला चहा देऊन मगच काय घडले ते लिहून घेतले. त्या दिवशी मी घरी फोन करून वडिलांना सगळे सांगितले, आणि त्यानंतर त्यांनी नोकरी सोडण्याचा विषय काढलेला नाही.

याच संदर्भात अकादमीने एक तास तरी कायद्यासाठी द्यायला हवा होता, ही माझी मोठी तक्रार आहे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती असावी लागते आणि त्याहून लहान ठिकाणी काम करणारीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते, हे मला नोकरीला लागून दीड वर्ष झाल्यावर कळले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याची सुटी, जादा तासांना दुप्पट दर आणि रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचे तर तिची संमती व सुरक्षिततेची सोय, या गोष्टी आहेत. डे स्पामध्ये मी महिनोन् महिने रात्री दहापर्यंत थांबत होते आणि रिक्षाचे पैसे स्वतः देत होते. पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि ठिकाण त्या योजनेत बसत असेल तर कर्मचारी राज्य विमा लागू होतो. अंगठा दुखावलेल्या त्या मैत्रिणीला हे ठाऊक असते तर उपचाराचा खर्च तिच्या भावावर पडला नसता.

परदेशाबद्दल मला प्रत्यक्ष अनुभव नाही, पण बरोबरीच्या चौघी मालदीव आणि आखातात गेल्या आहेत. तिकडच्या जाहिरातींत बहुधा दोन वर्षांचा अनुभव आणि कामापुरते इंग्रजी मागतात, म्हणजे कोर्स संपताच दुबईला पाठवतो, असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. भरती करणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असावी लागते, ती ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते, आणि त्याला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये व त्यावरील जीएसटी यांपेक्षा जास्त घेता येत नाही. पर्यटन व्हिसावर नेऊन तिथे गेल्यावर नोकरीचा व्हिसा करू, असे कुणी म्हणाले तर पासपोर्ट हातातून सोडू नये. आमच्या अकादमीच्या कार्यालयात असा एक माणूस येऊन बसत असे आणि एक लाख रुपये मागत असे. संस्थेने त्याला तिथे खुर्ची द्यायलाच नको होती.

ज्यांना एवढी फी झेपत नाही त्यांनी पुण्यातच आणखी एक दार ठोठावावे. ताडीवाला रस्त्यावरच्या बापू भवनात केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. तिथे उपचार सहायकांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो आणि शिकताना विद्यावेतन मिळते. तिथे शिकवला जाणारा मसाज हॉटेलातल्या मसाजपेक्षा वेगळा, उपचाराच्या अंगाने जाणारा असतो, आणि वर्षभराचा वेळ द्यावा लागतो. परंतु तिथे रोज रुग्ण येतात, म्हणजे मला चार महिन्यांत मिळाली नाहीत ती सर्व वयांची, सर्व ठेवणींची शरीरे हाताखाली येतात. शिवाय महात्मा गांधींनी १९४६ मध्ये सुरू केलेला उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम किंवा लोणावळ्याचे कैवल्यधाम यांसारख्या ठिकाणी चालणाऱ्या उपचारांशी या शिक्षणाचे नाते आहे, आणि अशा ठिकाणी काम करते म्हटल्यावर घरच्यांचा जीवही भांड्यात पडतो. हॉटेलच्या स्पामध्ये पगार पुढे अधिक वाढतो, हेही खरे आहे.

माझ्या अकादमीला मी पाचपैकी तीन गुण देते. दोन गुण त्या फिजिओथेरपिस्ट बाईंचे आहेत आणि एक गुण स्वच्छतेचा व वेळेवर सुरू होणाऱ्या वर्गांचा. प्लेसमेंटला मी शून्य देते. फी ३५ ते ४० हजार असती, बेड आठ असते आणि बाहेरच्या लोकांवर हात चालवायला मिळाला असता, तर मी डोळे झाकून शिफारस केली असती.

यंदा माझ्या मामेबहिणीची बारावी झाली आणि तिलाही हेच काम करायचे आहे. मी तिला घेऊन दोन अकादम्या पाहून आले. दोन्हीकडे आम्ही प्रात्यक्षिकाच्या वेळी आत बसू द्या म्हणून विनंती केली. एका ठिकाणी नाही म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी बसू दिले आणि तिथे दहा मुलींना सहा बेड होते. बापू भवनातूनही आम्ही प्रवेशाची माहिती आणली आहे. मामा आणि ती मिळून ठरवतील. तोपर्यंत ती रविवारी माझ्याकडे येते आणि आम्ही जमिनीवर गादी घालून सराव करतो. गेल्या रविवारी तिने माझ्या आईला पहिल्यांदाच पूर्ण एक तास मसाज दिला. दाब हलका होता, पण न थकता, सारख्या लयीत ती करत राहिली. बाजू बदलताना तिचा हात दोनदा उचलला गेला, आणि दुसऱ्या वेळी मी सांगण्याआधीच तिने तो परत आईच्या पाठीवर ठेवला.